दातांच्या फोटोसाठी मॅक्रो लेन्स: आधी अंतर मोजा, कंपनीचं मग बघू

इंदुरात कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन "दातांचे फोटो काढायचेत, लेन्स दाखवा" म्हटलं की दुकानदार पहिली गोष्ट सांगतो ती एफ-२.८ ची. (एफ-नंबर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा आकडा: आकडा लहान, तितकं भोक मोठं.) "भिया, फास्ट लेंस है, पीछे का ब्लर देखो!" त्याचं चूक नाही. त्याचं नव्वद टक्के गिऱ्हाईक लग्नाचे फोटोग्राफर असतात आणि त्यांना तो ब्लर हवाच असतो. आपल्याला, म्हणजे डेंटिस्टांना, मात्र पुढच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंत जमेल तितकं सगळं स्वच्छ दिसायला हवं. तोंडातला फोटो आपण एफ-२२ च्या आसपास काढतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी लेन्स महाग होते, त्या आकड्यावर ती आपण जवळजवळ कधीच उघडत नाही.

मग बघायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी: फ्रेममध्ये किती मिलिमीटर बसतात, लेन्सच्या तोंडापासून पेशंटच्या ओठापर्यंत किती जागा उरते, आणि आज काढलेला फोटो सहा महिन्यांनी त्याच मापात पुन्हा काढता येतो का. कंपनी, मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन ही सगळी नंतरची चर्चा.

पायरी पहिली: कुठले फोटो लागणार ते ठरवा आणि कास्टवर (दातांच्या प्लास्टरच्या ठशावर) पट्टी ठेवा

डेंटल फोटोंचा नेहमीचा संच असा: पूर्ण चेहरा, हसरे ओठ, रिट्रॅक्टर (ओठ-गाल ताणून धरायचं साधन) लावून समोरून आणि दोन्ही बाजूंनी, वरच्या-खालच्या जबड्याचा मिररमधला फोटो, आणि फक्त पुढच्या चार-सहा दातांचा क्लोज-अप. दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला यातलं जवळपास सगळं लागतं. नुसत्या रूट कॅनाल करणाऱ्याला एक-दोन दाढांचे जवळचे फोटो पुरतात. तुमच्या कामात काय बसतं ते आधी लिहून काढा.

मग एखादं प्लास्टर कास्ट घ्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. वरचा मधला पटाशीचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो, चारही पटाशीचे मिळून तीस-बत्तीस. सुळे धरले तर समोरून बघताना चाळिशीच्या आसपास जातं. हसरे ओठ पूर्ण हवे असतील तर सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीची फ्रेम लागते.

आता हिशेब. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. मॅग्निफिकेशन १:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची पडते, म्हणजे फ्रेममध्ये ३६ मिलिमीटरच बसतात: चार पटाशीचे दात. १:२ ला ७२ मिलिमीटर बसतात, म्हणजे पूर्ण स्मित. १:१० ला ३६० मिलिमीटर, म्हणजे चेहरा. जुन्या पुस्तकांतले आणि वर्कशॉपमधले आकडे हेच.

पण बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असतो. निकॉन आणि सोनीचा असा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद, कॅननचा २२.३. त्यावर १:२ लावलंत तर स्मित कापलं जाईल. क्रॉप बॉडीवर स्मितासाठी १:३, चार दातांसाठी सुमारे १:१.५ आणि चेहऱ्यासाठी १:१५ धरा. "सरांनी सांगितलं तसंच १:१ लावलं, पण दोन-तीनच दात येतायत" अशी तक्रार नव्या डेंटिस्टांकडून हमखास येते, तिचं मूळ इथे आहे. सरांचा कॅमेरा फुल फ्रेम होता.

याच हिशेबातून एक बचतीची गोष्टही निघते. काही लेन्सवर "मॅक्रो" लिहिलेलं असतं पण त्या फक्त १:२ पर्यंतच जातात. फुल फ्रेमवर त्या थोड्या अपुऱ्या पडतात. क्रॉप बॉडीवर १:२ म्हणजे ४५-४७ मिलिमीटरची फ्रेम, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आरामात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला ६००० पिक्सेल असतात, त्यामुळे आणखी जवळ हवं असेल तर कापून घेता येतं. लेन्सवर १:१ लिहिलेलं नाही एवढ्यावरून ती नाकारायचं कारण नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सचं मात्र तसं नाही. १८-५५ ची मजल साधारण १:३ ते १:४ च्या आसपास संपते, आणि तीही दातांच्या अगदी जवळ जाऊन.

पायरी दुसरी: फोकल लेंथ, म्हणजे खरं तर अंतर

फोकल लेंथ म्हणजे लेन्सच्या नावातला एमएमचा आकडा; तो जितका मोठा, तितकं लांबून तेच माप मिळतं. इथे सगळ्यात जास्त विचार करा, कारण इथली निवड चुकली की सेटिंग बदलून ती सुधारत नाही.

लेन्सच्या माहितीपत्रकात "किमान फोकस अंतर" दिलेलं असतं. ते सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही. तीस सेंटिमीटर लिहिलं म्हणून पेशंट काचेपासून तीस सेंटिमीटर लांब राहील असं धरू नका. त्या तिसांतून लेन्सची लांबी आणि बॉडीतली जागा वजा करा. कॅननची ईएफ १०० एमएम एल मॅक्रो घ्या: किमान अंतर ३० सेंटिमीटर, लेन्स सुमारे १२, बॉडीत माउंटपासून सेन्सरपर्यंत साडेचार. १:१ ला हातात उरतात तेरा-एक सेंटिमीटर. निकॉनच्या १०५ एमएमला पंधराच्या आसपास. कॅनन ६० एमएमला नऊच्या घरात. निकॉनच्या ४० एमएमला पाचपेक्षाही कमी. त्या पाचात रिंग फ्लॅश बसवला की तो ओठाला टेकलाच म्हणून समजा, आणि रिट्रॅक्टर धरणाऱ्या असिस्टंटच्या बोटांना जागा राहत नाही. जवळ गेलेल्या काचेवर पेशंटच्या श्वासाची वाफ धरते ती वेगळीच.

दुसरा मुद्दा आकाराचा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचे दात फुगतात आणि मागचे आक्रसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो. साधा हिशेब करू: दाढ मधल्या दातापेक्षा तीन सेंटिमीटर मागे आहे असं धरा. दहा सेंटिमीटरवरून बघितलं तर ती खऱ्या प्रमाणाच्या ७७ टक्केच दिसते, तीस सेंटिमीटरवरून ९१ टक्के. मोबाइलने काढलेल्या फोटोत पेशंट सशासारखा दिसतो तो यामुळे. फोटो लॅबला पाठवून व्हिनियरचं (दातावर चिकटवायच्या पातळ आवरणाचं) माप ठरवायचं असेल तर हा फरक महागात पडतो.

म्हणजे लांबची लेन्स चांगली. पण किती लांब? १८०-२०० एमएमच्या मॅक्रो लेन्स जड असतात, आणि चेहऱ्याचा फोटो काढायला त्या दोन मीटरपेक्षा मागे ढकलतात. सुदामानगर किंवा रामबागेतल्या गाळ्यात थाटलेल्या क्लिनिकमध्ये खुर्ची, कंप्रेसर आणि एक्स-रे युनिट मांडल्यावर दोन मीटर सरळ जागा कुठून आणणार? शंभर एमएमला फुल फ्रेमवर चेहरा साधारण सव्वा मीटरवरून येतो, क्रॉपवर पावणेदोन मीटरच्या आसपास. घ्यायच्या आधी स्वतःच्या क्लिनिकमध्ये भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि पेशंटच्या डोक्यापर्यंत टेप लावा. पावणेदोन मीटर मिळत नसतील आणि बॉडी क्रॉप असेल तर ८५ एमएम घ्या. मिळत असतील, किंवा बॉडी फुल फ्रेम असेल, तर ९० ते १०५. क्रॉप बॉडीवर ६० एमएम चालते, पण मी ती तडजोडच मानतो. वजन आणि पैसा दोन्हींची टंचाई असेल तरच.

तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटांचं वेगळं लिहितो, कारण आपल्याकडे गुटखा-सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिसचे (तोंडाची आतली कातडी ताठ होण्याच्या आजाराचे) पेशंट बरेच येतात. त्यांच्या तोंडात मोठा मिरर जातच नाही, लहान मिरर तिरका धरावा लागतो, आणि तोंड किती उघडतं याची नोंद ठेवायलाच फोटो हवा असतो. अशा वेळी काचेपुढे मोकळी जागा असलेली लांब लेन्स फार उपयोगी पडते, कारण कॅमेरा थोडा खाली-वर करून फटीतून नेम धरता येतो.

पायरी तिसरी: एफ-नंबरचा हिशेब

फुल फ्रेमवर १:२ ला एफ-२.८ ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर फोकसमध्ये येतो. एफ-२२ ला तोच थर आठ मिलिमीटरच्या आसपास जातो. हीच फ्रेम क्रॉप बॉडीवर १:३ ने भरली तर एफ-२२ ला दहाच्या वर. म्हणजे दातांच्या कामात क्रॉप सेन्सर उलट फायद्याचा आहे, आणि कुणी "प्रोफेशनल कामाला फुल फ्रेमच हवा" म्हणालं तर शांतपणे ऐकून सोडून द्या. मॅग्निफिकेशन आणि एफ-नंबर तेच असतील तर ६० एमएम आणि १०० एमएम दोन्हींत फोकसची खोली सारखीच मिळते, त्यामुळे "छोट्या लेन्सने जास्त फोकस येतो" हेही खरं नाही.

अजून लहान भोक करावं तर? एफ-३२ च्या पुढे प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो. क्रॉपवर एफ-१६ ते २२, फुल फ्रेमवर एफ-२२ ते २५ पुरे. लेन्स एफ-२२ पर्यंत जाते एवढं बघा. आजच्या सगळ्या चांगल्या मॅक्रो जातात.

एक बारीक गोष्ट निकॉनवाल्यांसाठी. जवळ गेल्यावर लेन्सचा परिणामी एफ-नंबर वाढतो, आणि निकॉनच्या मायक्रो लेन्स बॉडीवर तो वाढलेला आकडाच दाखवतात. १०५ एमएम एफ-२.८ ही १:१ ला एफ-४.८ दाखवते, त्यात बिघाड नाही. कॅनन मात्र मूळ आकडाच दाखवत राहतो. म्हणून कॅननवाल्या मित्राचं एफ-२२ निकॉनवर तसंच्या तसं उचलाल तर फोकसची खोली कमी पडेल. निकॉनवर १:१ च्या जवळ काम करताना एफ-३२ किंवा त्याहून पुढे जा; हा वाढलेला आकडा आहे, वर सांगितलेली एफ-३२ ची मर्यादा मूळ आकड्याची. (निकॉन मॅक्रोला "मायक्रो" म्हणतो, दुकानात हे ठाऊक असलेलं बरं.)

पायरी चौथी: लेन्सवर मॅग्निफिकेशनची खूण आहे का?

हा निकष बहुतेक परीक्षणांत येतच नाही, कारण ती फुलं आणि किडे टिपणाऱ्यांनी लिहिलेली असतात. त्यांना एकच फोटो चांगला हवा असतो. आपल्याला "आधी" आणि "नंतर" अशी जोडी हवी असते, आणि ती एकाच मापाची नसेल तर तिला काही अर्थ नाही.

पद्धत अशी: ऑटोफोकस बंद करायचा, रिंग फिरवून १:२ किंवा १:३ वर ठेवायची, आणि मग रिंगला हात न लावता स्वतः पुढे-मागे डोलत फोकस साधायचा. जबड्याच्या समोरच्या फोटोत नेम मधल्या दातावर धरू नका, बाजूच्या पटाशीवर किंवा सुळ्याच्या पुढच्या कडेवर धरा, म्हणजे फोकसचा थर दोन्हीकडे कामी येतो. हे जमायला लेन्सवर प्रमाणाचे आकडे लिहिलेले हवेत आणि रिंगला दोन्ही टोकांना थांबा हवा. जुन्या डीएसएलआरच्या मॅक्रोंवर, म्हणजे कॅनन ईएफ १०० च्या दोन्ही आवृत्त्यांवर आणि निकॉन एएफ-एस १०५ वर, खिडकीत हे आकडे असतात. सोनीच्या ९० एमएमची रिंग मागे ओढली की ती मॅन्युअलला जाते आणि आकडे उघडे पडतात, ही सोय फार छान आहे. निकॉनच्या झेड १०५ वर छोटा डिस्प्लेच आहे. कॅननच्या आरएफ १०० वर मात्र खिडकी नाही आणि रिंग इलेक्ट्रॉनिक असल्याने कितीही फिरते. ती लेन्स १:१ च्या पुढे १.४ पटीपर्यंत जाते, काच उत्तम आहे, पण नेमकं माप पुन्हा साधायला स्क्रीनवरच्या पट्टीवर विसंबावं लागतं. तीवरची एसए नावाची रिंग पहिल्या दिवशीच लॉक करून टाका, चुकून फिरली तर सगळे फोटो मऊ येतील आणि कारण सापडणार नाही.

स्टॅबिलायझेशनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. प्रकाश सगळा फ्लॅशचा असतो, आणि फ्लॅशची चमक साधारण सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ टिकते. हात हलला तरी फोटो हलत नाही.

पायरी पाचवी: फ्लॅश या लेन्सवर बसेल का

रिंग फ्लॅश किंवा ट्विन फ्लॅश लेन्सच्या तोंडावर चढतो, म्हणून फिल्टरच्या आट्यांचं माप बघा: कॅनन १०० एलला ६७ मिलिमीटर, निकॉन १०५ आणि सोनी ९० ला ६२, टोकिना १०० ला ५५, निकॉन ८५ ला ५२. अ‍ॅडॅप्टर रिंग त्या मापाची मिळते का हे लेन्सचे पैसे देण्याआधी विचारा. फोकस करताना लेन्स पुढे येते का तेही बघा. आत फोकस होणाऱ्या लेन्सवर फ्लॅश स्थिर राहतो. टोकिना १०० आणि टॅमरॉनची जुनी ९० एमएम लांबतात, त्यामुळे फ्लॅशही पेशंटकडे सरकतो आणि त्याच्या वजनाने मोटरवर ताण येतो.

मागच्या दाढा आणि मिररमधल्या फोटोंना रिंग फ्लॅश बरा, कारण सावली पडत नाही. पुढच्या दातांचा पोत, इनॅमलच्या रेषा, पारदर्शक कडा दाखवायच्या असतील तर बाजूने येणारा ट्विन फ्लॅश हवा. रिंगमध्ये दात सपाट दिसतात. दोन्हींपैकी एकच घेता येणार असेल तर सर्वसाधारण प्रॅक्टिसला रिंग घ्या. बजेट एक लाख असेल तर सगळं लेन्सवर उधळू नका. चांगला फ्लॅश, समोरच्या पृष्ठभागावर परावर्तन करणारे मिरर आणि दोन मापांचे रिट्रॅक्टर यांना बाजूला रक्कम ठेवा. साध्या आरशात दाताची दुहेरी कड येते, ती कुठलीही लेन्स पुसू शकत नाही.

पायरी सहावी: आता नावं

कॅनन डीएसएलआर असेल तर ईएफ १०० एमएम एफ-२.८ ची स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी आवृत्ती, सेकंड हँड. दातांच्या कामात एल आवृत्तीपेक्षा तसूभरही कमी पडत नाही. आर मालिकेची (मिररलेस) बॉडी असेल तर हीच लेन्स ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॅप्टरवर पूर्ण चालते. नवीनच हवी आणि बॉडी क्रॉप आहे, तर १:२ पर्यंत जाणारी आरएफ ८५ एमएम एफ-२ विचारात घ्या. निकॉनच्या क्रॉप बॉडीला डीएक्स ८५ एमएम एफ-३.५: ३५५ ग्रॅम वजन, म्हणजे १०५ च्या निम्मी, आणि आपल्या कामाला नेमकी. सोनीला ९० एमएम. सिग्मा आणि टॅमरॉनही चांगल्या. टोकिना १०० स्वस्त आहे, फक्त निकॉन डी३००० आणि डी५००० मालिकेत बॉडीत मोटर नसल्याने तीवर ऑटोफोकस चालत नाही. आपण तो वापरणारच नाही, तेव्हा अडत नाही.

एक्स्टेन्शन ट्यूब आणि क्लोज-अप फिल्टर हे शिकणाऱ्यांसाठी ठीक. मॅग्निफिकेशन मिळतं, पण अंतर कमी होतं आणि माप पुन्हा साधत नाही.

पायरी सातवी: घेण्याआधी एक दिवस हातात घ्या

इंदुरातल्या बऱ्याच लग्नाच्या फोटोग्राफरांकडे शंभरची मॅक्रो असते. अंगठी, मेहंदी, दागिने टिपायला. आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या मधे मुहूर्त नसतात, लेन्सा कपाटात पडून असतात, तेव्हा एक दिवस भाड्याने मिळणं सोपं जातं. त्यातली एखादी विकायलाही असते.

जुनी घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. फिल्टरच्या आट्या वाकलेल्या नाहीत ना ते अ‍ॅडॅप्टर फिरवून बघा, कारण फ्लॅश तिथेच बसायचा आहे. मग कास्टवर पट्टी ठेवून एफ-२२ ला फोटो काढा: फ्रेममध्ये किती मिलिमीटर आले ते मोजा, काच ते कास्ट अंतर मोजा. ग्राफ पेपरचा फोटो काढून कडेच्या रेषा वाकतायत का बघा. नुसतं दुकानाबाहेरच्या गर्दीवर रोखून बघण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या दिवशीची सेटिंग

मॅन्युअल मोड, आयएसओ १०० किंवा २००, शटर १/१२५ ते १/२००, तोंडातल्या फोटोंना एफ-२२, चेहऱ्याला एफ-८ ते ११. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर, ऑटो नको. शेड जुळवायची असेल तर ग्रे कार्ड फ्रेममध्ये धरा. खुर्चीवरचा दिवा फोकस साधायला मंद चालू राहिला तरी या सेटिंगला फोटोत उतरत नाही. मिररलेस असेल आणि व्ह्यूफाइंडर काळा पडला तर घाबरू नका, मेनूत एक्सपोजर सिम्युलेशन बंद करा. सोनीत त्याला सेटिंग इफेक्ट म्हणतात.

पेशंटला आधी चूळ भरायला लावा आणि थ्री-वे सिरिंजने वाळवा. सकाळी पोहे-जलेबी करून आलेल्या माणसाच्या दातांतली शेव एफ-२२ ला इतकी स्पष्ट येते की लॅबवाला त्यावरच बोलतो. मिरर गरम पाण्यातून काढा म्हणजे धुकं धरत नाही. तोंडात गेलेल्या ग्लोव्हजने कॅमेरा उचलायचा नाही, कॅमेरा एकाकडे, रिट्रॅक्टर दुसऱ्याकडे. आणि फोटोची लेखी संमती केस पेपरलाच जोडा.

फोटो जास्त उजळ किंवा काळा आला तर फ्लॅशची पॉवर बदला, एफ-नंबरला हात लावू नका. प्रत्येक फ्रेमला कुठली पॉवर लागली ते कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून फ्लॅशच्या मागे लावा. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाउचमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा मीटर पुरे, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. जेलचा रंग बदलला की तवा तापवून भाजून घ्या, पण स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा.